दिवेलागणीचं जेवण

देऊळगाव राजाच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. बाजूला भांड्यांचं दुकान. त्याचे मालक शेठ जैन धर्माचे, सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. रोज ऊन उतरलं की दाराला आडवी काठी लावून ते घरी जेवायला जायचे आणि मला म्हणायचे, "मास्टर, जरा लक्ष असू द्या." मी मशीनवरूनच लक्ष ठेवायचो, गिऱ्हाईक आलं तर बसवून घ्यायचो.

माझं जेवण मात्र दुकान बंद करून घरी गेल्यावर. लग्नसराईत तर तोवर सगळी गल्ली झोपलेली असायची. दुपारचा डबा कधीच जिरलेला, मधे नुसता चहा. बायको गरम पोळ्या वाढत जायची आणि मी नको म्हणायचो नाही. हात धुतले की सरळ अंथरुणावर. चाळिशीनंतर ते अंगावर दिसायला लागलं. स्वतःच्या पँटी उसवून मी कंबर सोडत गेलो, आणि एक दिवस सोडायला शिवणीत कापडच उरलं नाही.

जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा बायकोनं बळंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं. साखर काठावर आहे म्हणाले. गोळी इतक्यात नको, पण रात्रीचं भरपेट जेवण बंद करा, दिवेलागणीला जेवून घ्या. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, हे काही जमणार नाही. गिऱ्हाईक येतं तेच संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी शेठनी चौकशी केली, मी सगळं सांगितलं. संध्याकाळी ते जेवून आले, आपली काठी काढली आणि गल्ल्यावर न जाता माझ्या बाकड्यावर येऊन बसले.

"जा, जेवून या."

"अन् दुकान?"

"इतकी वर्षं माझं तुम्ही पाहिलं. आता मी पाहून राह्यलो ना. जा."

घर मागच्याच गल्लीत. गेलो. तेव्हापासून रोज जातो.

सुरुवातीला गोंधळ झाले. एका कारकुनाची पँट शेठनी भलत्यालाच देऊन टाकली, मग स्वतः पायी जाऊन ती परत घेऊन आले. माझंही वजन काही लगेच हललं नाही. झोपताना पोटात कावळे ओरडायचे, बायको ताक द्यायची. हळूहळू ती भूक गेली आणि पोटही आत गेलं. पुढच्या तपासणीत साखर काठावरून खाली आली होती.

पण मला मिळालं ते यापेक्षा जास्त. माझ्या मुली मी कैक वर्षं झोपलेल्याच पाहिल्या होत्या. आता त्या माझ्यासोबत जेवतात, शाळेतल्या भानगडी सांगतात. धाकटीला वांग्याची भाजी अजिबात आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेठचे आभार मानायला गेलं की ते विषय बदलतात. रमजानात मला सूर्य मावळल्यावरच रोजा सोडायचा असतो, म्हणून त्या महिन्यात ते नेहमीपेक्षा लवकर जेवून येतात. यंदा एकदा अजानची वेळ होत आली तरी मी एका घाईच्या गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. शेठनी माझ्या हातातला टेप काढून घेतला आणि त्या माणसाला म्हणाले, "मास्टर आता घरी चालले. तुम्ही बसा, मी चहा सांगतो."