चाळीस छर्रे आणि ताईचा खोकला

देवाघरी स्वस्थपणाचं वाटप झालं तेव्हा आमचे दाजी नक्की रांग सोडून फिरायला गेले असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, पिंपरीच्या एका कंपनीत तपासनीस, राहायला भोसरीत; तेव्हा मीही त्यांच्याकडेच असायचो. घरात चार खुर्च्या होत्या, पण त्यातल्या एकीतही ते नीट टेकलेले मी कधी पाहिले नाहीत. चहा फेऱ्या मारत प्यायचा आणि पेपर चालत वाचायचा. मधलं पान आपल्याला हवं असेल तर आपणही बरोबर चालायचं. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन ते दोनदा रस्त्यावर आलेत. एकदा बाहेर भांडण कसलं चाललंय ते बघायला, आणि दुसऱ्यांदा ते मध्येच थांबलं का, हे विचारायला! कासारवाडीच्या रेल्वे फाटकाशी बस अडली, की हे उतरून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात, तीच बस पुन्हा पकडत आणि कंडक्टरला विचारत, "आधी कोण पोचलं?" लग्नाच्या फोटोत ताई स्पष्ट आहे, भटजी स्पष्ट आहेत, कलशावरचा नारळसुद्धा स्पष्ट आहे. दाजींच्या जागी मुंडावळ्या बांधलेलं धुकं आहे.

असला माणूस हातातलं काम तडीला कसा नेणार? पेटी शिकायला आणली, ती दोन महिन्यांत माळ्यावर गेली. होमिओपॅथीचं पुस्तक तापापर्यंत वाचलं, त्यामुळे त्यापुढच्या पानांवरचे रोग आम्ही अंगावर काढले. कुंपणाला हिरवा रंग द्यायला घेतला तो निम्म्यावर थांबला, आणि पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही 'अर्ध्या हिरव्या कुंपणाचं घर' असंच सांगायला लागलो. म्हणून कंपनीच्या क्लबात एअर पिस्तूल सुरू झालं आणि पुण्यातल्या स्पर्धेसाठी दाजींनी नाव दिलं, तेव्हा मी पोट धरून हसलो. ताई हसली नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, जिंका असं मी म्हणतच नाही. पण एक, फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत करून दाखवा. लोक विचारतात हो मला, उरलेलं कुंपण कधी रंगणार म्हणून." दाजींची फेरी तिथेच थांबली. "चाळीस छर्रे मारायचे असतात," ते म्हणाले, "चाळीसच्या चाळीस मारीन. मग लागोत कुठेही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून घराचं रणांगण. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून व्हरांड्यापर्यंत टेप लावली, तर स्पर्धेतल्या दहा मीटरला चार बोटं कमी. मग व्हरांड्याच्या कठड्याबाहेर फळी काढून तिच्यावर खोकं ठेवलं, खोक्यात ताईच्या आईची, म्हणजे माझ्याही आईची, गोधडी कोंबली आणि पुढे काळ्या गोलाचा कागद लावला. दाराला ताईचं लाल खणाचं कापड टांगलं, की समजायचं सराव चालू, कुणी मध्ये यायचं नाही. नळाला पाणी यायची वेळही नेमकी तीच. हात स्थिर व्हावा म्हणून किलोचं वजन हातात घेऊन तो समोर ताणून धरायचा, हे कुणीतरी सांगितलं होतं. दाजी ते रेशनच्या रांगेतही करत. रांगेतली माणसं त्या दिशेला बघत बसत आणि तिकडे उभा असलेला वाणी उगीचच घाबरा होई.

घराच्या भिंतीला लागून एका चाचांचं वर्कशॉप होतं. पत्र्याच्या चकत्या कापायची भली मोठी प्रेस दर दहा-बारा सेकंदांनी 'धाड्' करायची, आणि आमच्याकडची तावदानं थरथरायची. ताईचं त्या आवाजाशी उभं वैर. ती भिंतीवरून ओरडे, "चाचा, इकडे माणसं राहतात!" चाचा अदबीनं म्हणत, "बंद करतो की वहिनी. पण साहेबांना करमायचं नाही, बघा." आम्हाला ती थट्टाच वाटे. प्रेसचा 'धाड्' होई, तावदानं थरथरून थांबत, आणि त्या क्षणभराच्या शांततेत दाजींचा छर्रा सुटे. रोज डोळ्यांदेखत हे चालायचं, पण कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ.

अडचण फक्त गुरुवारी यायची. गुरुवारी दाजींचे छर्रे काळा गोल सोडा, गोधडीसुद्धा चुकवत. एक तर तुळशीच्या कुंडीत रुतला. आता गुरुवारी भोसरीत विजेची सुट्टी, सगळे कारखाने बंद, आणि दाजींचा उपासही गुरुवारचाच. जन्मभर तपासणी केलेल्या या माणसानं खोट शोधून काढली ती साबुदाण्यात! "साबुदाण्यानं हात चळतो राव," मला म्हणाले. वीस वर्षांचा उपास मोडला, ताईनं दोन दिवस अबोला धरला, आणि पुढच्या गुरुवारी भरपेट पिठलं-भाकरी खाऊनही छर्रे गेले ते वाऱ्यावरच. पण दाजी डगमगले नाहीत. "वीस वर्षांचा साबुदाणा आत साठलाय. एका दिवसात निघेल होय?"

स्पर्धेच्या दिवशी ताई आणि मी बाकावर जाऊन बसलो. तो हॉल कसला शांत! वरच्या पंख्याची कुरकूर तेवढी ऐकू येत होती. शिट्टी झाली, इतरांचे छर्रे फट् फट् सुटू लागले. दाजींनी हात उचलला. खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. पाय बदलला, कॉलर सैल केली, टेबलावरचा रुमाल उचलून उगीच दुसरीकडे ठेवला. निम्मा वेळ संपला तेव्हा त्यांचे कसेबसे सहा छर्रे झाले होते. मग त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दरवाजाकडे पाहिलं. ती नजर आम्ही दोघं चांगली ओळखत होतो. पेटी माळ्यावर टाकताना तीच होती, रंगाचा डबा बंद करतानाही तीच. "संपलं," मी पुटपुटलो. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. "प्रेस नाहीये रे," ती कुजबुजली.

"काय?"

"इथं प्रेस नाहीये!" आणि ती खोकली. चांगली पोटातून, खणखणीत.

हॉलभर माना वळल्या. दाजी वळले नाहीत. क्षणभर नुसते उभे राहिले, मग पिस्तूल उचललं. ताई मनात आकडे मोजत होती, ओठ हलत होते. पुन्हा खोकली. थोडी शांतता, आणि फट्! खोकला, शांतता, फट्! एक पंच तरातरा आले. "बाई, बाहेर जाऊन पाणी प्या." जिला आयुष्यात कधी साधं पडसं झालं नाही, ती माझी ताई त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "दमा आहे हो मला. बाहेरचा वारा सोसत नाही." पंच हतबल होऊन परत गेले. भिंतीवरून ज्या आवाजाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, तो तिला दाजींपेक्षाही पाठ होता. चौतीस छर्ऱ्यांसाठी पस्तीस वेळा खोकली माझी ताई. शेवटचा छर्रा सुटला आणि लगेचच वेळ संपल्याची शिट्टी झाली.

दाजींचा नंबर खालून तिसरा आला. पण चाळीसच्या चाळीस झाले होते. परतताना बस फाटकाशी अडली, तरी ते उतरले नाहीत. भोसरीपर्यंत ताईशेजारी बसून आले. ताईचा घसा पार बसला होता.

ताईला जाऊन आता दोन वर्षं होतील. चाचांनीही प्रेस लांब कुरुळी गावाला हलवली. परवा भोसरीला गेलो तर दाजी खुर्चीत बसलेले. चक्क पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, "दाजी, पिस्तूल काढा बघू." खोकं सापडलं, गोधडीही होती. दाजी मागच्या भिंतीशी उभे राहिले. हात उचलला, थांबले, खाली घेतला. पुन्हा उचलला. थांबले. ते कशाची वाट बघत होते ते मला कळलं, आणि मी खोकलो.

फट्!

"घाईत खोकतोस राव," माझ्याकडे न बघता दाजी म्हणाले. "ती दम धरायची." मग पिस्तुलाची नळी वाकवून दुसरा छर्रा भरता भरता म्हणाले, "असो. एक झाला. एकोणचाळीस राहिले."

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.