पाचर धरणारे दोघे

वाचकहो, तुमच्या गल्लीतल्या उनाड पोराला तुम्ही शेवटचे कामाला कधी बोलावलेत? शिव्या घालायला नव्हे, कामाला.

हा प्रश्न विचारण्याचा हक्क मला एका प्रकरणाने दिला. इंग्रजी अंमलात मी बेळगाव तालुक्यात फौजदार असतानाची ही हकीकत अजून डोळ्यांपुढे आहे. अनगोळच्या पलीकडच्या एका गावी लक्ष्मीची जत्रा होती. बऱ्याच वर्षांनी रथ निघणार होता. गावात वरच्या आणि खालच्या गल्लीतल्या तरुणांच्या दोन टोळ्या होत्या. मागच्या मारामारीत एका पोराचा हात कायमचा अधू झाला होता.

खबर आणली गावच्या लोहाराने.

"सायेब, वरच्या गल्लीनं काठ्यांस्नी लोखंडी कडी बसवून घेतली. खालच्यांनी बी घेतली. जत्रंत रगत सांडणार."

"बसवून कुणी दिली?"

"मीच की. धंदा हाय न्हवं."

आम्ही पंचनामा करून काठ्या जप्त केल्या आणि दोन्ही म्होरक्यांना ठाण्यात आणले. माझ्या वरच्या गोऱ्या साहेबांचा हुकूम स्पष्ट होता: दोघांकडून चांगल्या वर्तणुकीचे जामीन घ्या, नाहीतर कोठडी, आणि शांततेची हमी नसेल तर रथ बंद.

जबाब वेगवेगळे घेतले. दंडुका दाखवला की माणूस हवे ते कबूल करतो. पाणी देऊन आपण गप्प बसलो की तो खरे बोलतो. वरच्या गल्लीचा म्होरक्या म्हणाला, "रताळ्यात रानडुकरं शिरत्यात. कडी त्यांच्यासाठनं बसवली. मग खालच्यांनी बी बसवली आसं कळलं, तवा आमी बी मारामारीची तयारी केली." खालचा म्हणाला, "वरच्यांनी आमच्यासाठनं काठ्या केल्या, म्हणून आमी केल्या."

"तुला कुणी सांगितले?" दोघांनाही मी हेच विचारले. दोघांनीही लोहाराचे नाव घेतले.

लोहाराला बोलावून तिघांना समोरासमोर उभे केले.

"व्हय, बोललो आसंन," तो म्हणाला. "दिवसभर भात्यापुढं बसल्यावर मानसानं बोलायचं बी न्हाय काय?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसत राहिला. प्रकरण उलगडले, पण वैर तसेच होते. दोन्ही म्होरके एकमेकांकडे बघेनात.

तेवढ्यात ठाण्यात एक आक्का आली. अधू हाताच्या त्या पोराची ही थोरली बहीण. संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांतली पोरे गोळा करून ती त्यांच्याकडून रथाचे दोरखंड वळून घेत होती.

"सायेब, ह्यांना जामीन मी ऱ्हाते. पर ह्यास्नी घरात बसवू नका. पाचरीला लावा."

उतारावर रथ आवरायला दोन्ही बाजूंच्या चाकांखाली एकाच वेळी लाकडी पाचर सरकवावी लागते. एकाने उशीर केला तर रथ फिरतो आणि दुसऱ्याचा हात चिरडतो.

"ह्यो मुद्दाम उशीर करंल," वरचा म्हणाला.

"आन तू केलास तर? माझा हात काय घरी ठेवून येऊ व्हय?" खालचा म्हणाला.

आक्काचा जामीन लिहून घेतला आणि दोघांना पाचरीला लावायची जबाबदारी मी स्वतःच्या सहीने घेतली. काही झाले असते तर नोकरी गेली असती, आणि एखाद्याचा हातही.

जत्रेच्या दिवशी देवळाजवळच्या उतारावर रथाने अचानक वेग घेतला.

"आता घाल रं!" वरचा ओरडला.

"घालतो, आदी तुझी बोटं काढ!"

दोन्ही पाचरी एका दमात बसल्या. रथ थांबला, गुलाल उडाला. वरच्याची पाचर इतकी घट्ट रुतली की ती त्याला निघेना. खालचा आपले चाक सोडून धावला आणि दोघे मिळून ती उपटू लागले.

"लई दाबलीस रं."

"तू बोलू नगंस, वड."

पाचर निघाली आणि दोघेही मागे धुळीत आदळले. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. मी तिथे नुसता उभा होतो. पोलिसाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

व्याख्याने झोडून, तरुण बिघडले म्हणून ओरडून टोळ्या मोडत नाहीत. आपण या पोरांना बाजूला टाकतो आणि ती काठ्या घेऊन परत आली की पोलिसांना बोलावतो. हा खोटेपणा सोडा. तुमच्या गावात एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन पोरे असतील. त्यांना या आठवड्यात बोलवा आणि एकट्याला न पेलणारे एक जोखमीचे काम त्यांच्यावर सोपवा. मग शेवटपर्यंत तिथेच उभे राहा.