वाक्यातलं माझं नाव

मॅडमनी मला बाकावरून उठवलं, पुढं बोलावलं आणि फळ्याशेजारी उभं केलं. फळ्यावर लांबलचक शब्द होता. अंडरप्रिव्हिलेज्ड. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माझं नाव घेतलं आणि वर्गाला इंग्रजीत वाक्य दिलं, की ही अंडरप्रिव्हिलेज्ड आहे. सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. मीही उतरवलं. छान अक्षरात.

मी सातवीत होते. आरटीईतून लागलेली, म्हणजे फी न भरणारी. शाळेत रोज एक नवा शब्द असायचा आणि त्याच्या वाक्यात वर्गातल्या कुणाचं तरी नाव. ‘ब्रिलियंट’च्या वाक्यात बिल्डरची मुलगी. ‘ग्रेसफुल’च्या वाक्यात डॉक्टरांची. ज्याचं नाव यायचं त्याला दिवसभर भाव. माझं कधीच आलं नव्हतं. वर्गात मराठी बोलायला बंदी होती, त्यामुळं अर्थ विचारायची सोय नव्हती. मला गरजही वाटली नाही. एवढा मोठा शब्द, चांगलाच असणार.

माय चिकलठाण्याच्या एका कंपनीत, कँटीनला पोळ्या लाटायची. संध्याकाळी तिला सांगितलं, तर ती हरखून गेली. भाकरी थापता थापता तिनं तो शब्द तुकडे करून पाठ केला. अंडर. प्रिवी. लेज. जीभ अडखळली की हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या मुस्लिम मावशींना, आमच्या खालांना, हाक मारून सांगितलं, मॅडमनी माझ्या पोरीवर वाक्य केलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली. भिंतीला टेकून बसली. मग सांगायला लागली. साहेब लोक जेवायला बसले होते. पोळी वाढताना तिनं मोठ्या हौसेनं सांगितलं की माझी पोरगी अंडरप्रिव्हिलेज्ड हाय, मॅडम म्हणल्या. एक साहेब म्हणाले, ते तर दिसतंच आहे. सगळं टेबल हसलं. सगळे हसले म्हणून मायही हसली.

‘काय अर्थ हाय गं त्याचा?’

मी डिक्शनरी काढली. वाचलं आणि मिटून ठेवली. तिनं पुन्हा विचारलं. मग सांगितलं. इतरांना मिळतं ते ज्यांना मिळालेलं नाही, असे. गरीब. मागं राहिलेले.

‘मग मराठीत म्हणायचं व्हतं की,’ माय म्हणाली. ‘मी लोकांत सांगत फिरले नसते.’

ती रडली नाही. मी रडले. ती त्यांच्याबरोबर हसली होती, हे मला सोसवत नव्हतं. आजही सोसवत नाही.

शनिवारी उजळणी. आठवड्याचे सगळे शब्द, सगळी वाक्यं, एका सुरात. वर्गानं माझं नाव घेऊन ते वाक्य म्हटलं. मग मॅडम मला म्हणाल्या, आता तू म्हण, ‘आय अ‍ॅम’नं सुरुवात कर.

मी उभी राहिले. मराठीतच बोलले.

‘मी हे वाक्य म्हणणार नाही.’

मॅडम चिडल्या नाहीत. गोड आवाजात, त्याही मराठीतच म्हणाल्या, ‘अगं, यात वाईट काय आहे? तुमच्यासाठी हा किती सभ्य शब्द आहे.’

‘मग तुमच्या मुलीचं नाव घाला.’

मग मात्र चिडल्या. मला वर्गाबाहेर काढलं. सोमवारी मायला बोलावलं. ऑफिसात तिला कुणी बसा म्हटलं नाही. मुलीला माफी मागायला सांगा, नाहीतर इथं तिचं कठीण आहे, असं मोठ्या मॅडम म्हणाल्या. मायनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात जोडील.

‘वाक्य बी म्हणणार नाय ती,’ माय म्हणाली. ‘आन् माफी बी मागणार नाय.’

आता मी इंग्रजीत एम.ए. करते आहे. नवा शब्द भेटला की अजून पहिल्यांदा मायला सांगावासा वाटतो. सांगते. ती ऐकून घेते, पण तोंडात घेत नाही. ‘असू दे,’ म्हणते आणि कामाला लागते. भाकरी थापताना शब्द पाठ करणारी माझी माय त्या टेबलावर संपली. ती मला कुणी परत देणार नाही.

मी इंग्रजी शिकते आहे ती कुणाचे आभार मानायला नाही. जे तिला हसले त्यांना त्यांच्याच भाषेत जाब विचारायचा आहे. तो मी विचारणार.