मेश्राम बाईंचा चारचा डबा

सोमवार, चैत्र महिना, दुपारचे चार. हजर: मी, नंदाताई, दिलीपभाऊ, सुमन. गैरहजर: मेश्राम बाई.

हजेरी मांडायची सवय माझी, पण चारची वेळ बाईंची. बालाघाटातल्या आमच्या लहानशा कार्यालयात त्या रेकॉर्ड सांभाळायच्या. रोज भरवेलीहून बसने यायच्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. बरोबर चारला त्या खालच्या खणातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायच्या आणि दोन्ही हातांनी खळखळ हलवायच्या. तो आवाज आला की दिलीपभाऊ फोनवरचं बोलणं अर्ध्यात तोडायचे.

मी बदलीवर इथे आले त्या पहिल्याच दिवशी चारच्या सुमाराला कोणावर तरी खेकसले आणि टपरीवरून समोसे आणायला निघाले. बाईंनी मला थांबवलं. "ताई, चार वाजता मानसाले भूक नाही लागत, राग येते. मंग तो फायलीवर निंघते. बसा इथं." त्यांनी माझ्या हातात मूठभर फुटाणे, शेंगदाणे, भाजलेले पोहे, जवस असं सगळं एकत्र ओतलं. "समोसा खाल्ला का मानूस खुर्चीतच झोपते. हे सुट्टीपर्यंत जागं ठेवते."

डब्याची पद्धत साधी होती. सकाळी ज्याला जमेल त्याने घरून पुडी आणायची आणि स्वतःच डब्यात रिकामी करायची. कोणी काय आणलं ते सांगायचं नाही, विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आतमंदी गेलं का ते डब्ब्याचं झालं." मग जोरात हलवायचं. सगळ्यांचा डोळा मोहफुलांवर असायचा. सुकवून तव्यावर भाजलेली, तिळात घोळवलेली, मनुकांसारखी गोड. दिलीपभाऊ तर डब्यात बोट घालून तीच वेचायचे. "ओ भाऊ, कोंबडीवानी काहून उकरून राह्यले?" बाई त्यांच्या हातावर पट्टी मारायच्या. दिलीपभाऊ म्हणायचे, "बाई, ज्याने हा मोह आणला ना, त्याला प्रमोशन द्या!"

मला या कारभारात सुधारणा दिसू लागल्या. पावसाळ्यात पोहे मऊ पडायचे. एकदा शेंगदाणे खवट निघाले. दिलीपभाऊंना बीपी, त्यांना मीठ चालत नाही. नंदाताईंना उपासाचं लागतं. मी घट्ट झाकणांचे प्लास्टिकचे डबे आणले, प्रत्येकावर नाव चिकटवलं, आणि कोणी कोणत्या दिवशी काय आणायचं याची यादी भिंतीवर लावली. बाईंनी चष्मा वर करून ती बराच वेळ वाचली. "अक्षर चांगलं हाय तुमचं," एवढंच म्हणाल्या. पत्र्याचा डबा त्यांनी खणात ठेवून दिला.

सोमवार सुमनचा होता. सुमन आमच्याकडे झाडलोट करते, संडासही तीच धुते. त्या सोमवारी तिचं नाव लिहिलेला डबा टेबलावर उघडला, तर आत मोहफुलं. तीच. तीळ लावलेली.

दिलीपभाऊ म्हणाले, "अरे, आज लेट जेवलो मी." नंदाताईंनी सोमवारचा उपास सांगितला, पण शुक्रवारी माझ्या डब्यातले फुटाणे त्यांनी उपास असूनही खाल्ले होते. मी म्हणाले, "माझी साखर वाढलीय गं सुमन, डॉक्टरांनी गोड बंद केलंय." बाई एकट्या उठल्या, मूठ भरून घेतली आणि सावकाश चावत उभ्या राहिल्या. सुमन दारात झाडू धरून होती. संध्याकाळी डबा जवळजवळ भरलेलाच तिच्या पिशवीत गेला.

पुढच्या सोमवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या सोमवारी सुमनने रिकामा धुतलेला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मोह सरला मॅडम. घरी नाही हाय आता."

ती गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. खिडकीबाहेर बोट दाखवलं. आवाराच्या भिंतीपलीकडे मोहाचं झाड आहे. खाली सडा पडला होता आणि दोन बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या.

"चैत चालू हाय, आन् हिचा मोह सरला. लिवा तुमच्या यादीत."

बाईंचा आवाज चढला नव्हता. "मी इथं लागली तवा माह्या डब्ब्याले कोनी हात लावत नव्हतं. तीन वर्सं मी रेकॉर्ड रूममंदी एकटीच जेवली. मंग एक दिवस हा टिन आनला. म्हनलं, सारे टाका, मी हलवते. हलवल्यावर कोनाले काय समजते? तुम्ही साऱ्यायची तब्येत पाह्यली, ताई. मी डब्बा हलवत काहून होती, ते नाही पाह्यलं."

त्यांनी खण उघडला, पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळे प्लास्टिकचे डबे एकामागून एक त्यात उलटे केले. मी भिंतीवरची यादी काढली. चारला पुन्हा खळखळाट झाला. दिलीपभाऊ आले, नंदाताई आल्या. दिलीपभाऊंनी सवयीने बोट घातलं, काही सापडलं नाही, आणि त्यांनी मान वर न करता फुटाणे घेतले.

सुमन आली नाही. व्हरांड्याच्या पायरीवर चहा पीत बसली. बाईंनी हाक मारली तर म्हणाली, "पोट भरलं हाय, बाई." रोज तेच. ती भांडली नाही, रुसली नाही, कामात कसूर केली नाही. फक्त चारच्या डब्यातून ती आणि तिचा मोह, दोघंही निघून गेली.

बाई पावसाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी हार, नारळ, भाषणं झाली. शेवटी त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "हलवाले जोर लागते बरं. आन् सुमनची पुडी यात पडली का मले फोन करजा."

तो फोन मला करता आला नाही. थंडीत बाई गेल्या. झोपेतच, त्रास न होता. भरवेलीला आम्ही सगळे गेलो. सुमन आमच्या आधीच पोहोचली होती. चुलीपाशी बसून आलेल्या माणसांसाठी चहा करत होती. तिने मला कप दिला, मी घेतला.

डबा आता मी हलवते. बाईंसारखा आवाज निघत नाही, पण लोक येतात. मी रोज मूठभर घेऊन पायरीपर्यंत जाते. सुमन हसते, पोट भरलं म्हणते. आजही म्हणाली. पलीकडे मोह पडतोय.

मला वाटायचं की ती डब्यातलं खात नाही, हा प्रश्न आहे. तो नाही. मी तिला रोज खायला सांगते, आणि सांगायचं असतं दुसरंच.

आजच्या यादीतली सात कामं झाली. आठवं कालच्या यादीतून आजच्या यादीत आलं होतं, ते उद्याच्या यादीत उतरवून ठेवलं आहे: सुमनला सांगणे, त्या सोमवारी माझी साखर वाढलेली नव्हती.