दुसऱ्या बशीतलं वर्तुळ

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. ती गेली, त्या शेवटच्या दिवसांतही नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर लिहायला बसलोय, तर सारखं दाराकडे लक्ष जातंय — माधव आला तर? माधव माझा पुतण्या. कुवेंपुनगरात राहतो, दर रविवारी माझ्या गोळ्या घेऊन येतो. आणि हे त्याच्याच आईबद्दल आहे. कागद झाकून ठेवावा का? — नको. झाकण्यातच इतकी वर्षं गेली.

मी मैसुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. घर अग्रहारात. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हापासून वहिनी आणि लहानगा माधव आमच्याकडेच. त्या घरात वहिनींचं स्वतःचं असं काय होतं? एकच गोष्ट — विड्याची पानं आणि लवंगा ठेचून, कोमट पाण्यात घालून, वर घट्ट झाकण ठेवून केलेलं गुळण्यांचं पाणी. कुणाच्या हिरड्या सुजल्या, कुणाचं तोंड आलं, की गल्लीतल्या बायका बाटली घेऊन परसदारी यायच्या. पाणी घ्यायच्या आणि तासभर बसायच्या. वहिनींकडे म्हणून माणसं यायची ती तेवढीच.

एकदा माझा एक सहकारी घरी आला होता. परसदारची गर्दी पाहून कन्नडात म्हणाला, “म्हणजे सर, जंतू मोजायला तुम्ही आणि मारायला तुमच्या वहिनी!” सगळे हसले. मीही हसलो. पण झोंबलं — फार झोंबलं.

मी वहिनींना म्हटलं, तुमचं पाणी तपासून बघतो. किती खूश झाल्या! सकाळी ताजी पानं ठेचून, स्टीलच्या डब्यात पाणी भरून दिलं. “उकळू नका हं भाऊजी. वास गेला की झालं, काही उरत नाही त्यात.”

मी ते ऑटोक्लेव्हमध्ये घातलं. बाहेरचे जंतू मरावेत म्हणून दाबाच्या वाफेत तापवायचं — आमची नेहमीची पद्धत. सवयीनं घातलं? की मुद्दाम? खरं सांगतो, मला अजून ठरवता येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. मग जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत मधोमध त्या पाण्याचे थेंब ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं. किडक्या दातातून घेतलेले जंतू त्या पाण्याला अगदी खेटून वाढले होते. पाण्यात काही असतं तर भोवती मोकळं वर्तुळ दिसलं असतं. त्या संध्याकाळी घरी पाहुणे होते, वहिनी कॉफी देत होत्या, आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की यांच्या पाण्यात काही नाही. हसत हसत.

पण चैन पडेना. त्यांनी उकळू नका म्हटलं होतं — हेच डोक्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी केलं, या वेळी मीच, गुपचूप. तापवलं नाही, जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. शेजारी तुलनेला नुसतं पाणी ठेवलं. नुसत्या पाण्याभोवती जंतूच जंतू. वहिनींच्या पाण्याभोवती वर्तुळ — स्वच्छ, बोटाच्या पेराएवढं रुंद.

बशीत जंतू मेले म्हणून तोंडात मरतातच असं नाही. हे मी वर्गात नेहमी शिकवलं, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी ते मला कशासाठी आठवलं? गप्प बसायला. मागं कुणी उभं नाही ना, हे पाहिलं. बशी जंतुनाशकात बुडवली. वहीत एक ओळ लिहिली नाही. त्यानंतर कित्येक दिवस प्रयोगशाळेचा शिपाई नुसता समोर दिसला, तरी मी वाट बदलायचो.

वहिनींनी पाणी करणं बंद केलं होतं. एका दुपारी अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “भाऊजी, म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना सुम्ने पाणीच देत होते का हो?” सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या मैसुरातल्या मराठीत हा कन्नड शब्द कायमचाच.

बशी बुडवून चार दिवस झाले होते. उत्तर मला ठाऊक होतं. — मी “हो” म्हणालो.

त्या उठल्या, पातळ नीट केलं, चपला घातल्या. ज्या ज्या घरी त्यांचं पाणी गेलं होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन आल्या. मी खिडकीतून पाहत होतो. एका दारातून बाहेर पडायच्या, पुढच्या दारात थांबायच्या. काय बोलत असतील ते मला कळत होतं. हाक मारता आली असती. खिडकी उघडीच होती.

दिवे लागायच्या वेळी परत आल्या. पाय धुतले. मला कॉफी आणून दिली आणि म्हणाल्या, “सगळ्यांची माफी मागून आले. बरं झालं भाऊजी, तुम्ही सांगितलंत. नाहीतर आणखी किती जणांना फसवलं असतं मी.”

मी कॉफी प्यालो.