डोक्यावरचं कंट्रोल मडकं

आधी तो कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना माझ्या मेव्हण्याच्या नाकातून कॉफी आली, आणि सोफ्यावरच्या त्या डागाबद्दल बायको अजून मलाच बोलते.

ठेवलात? हं. तर आता काय सांगू तुम्हाला, मी विज्ञानाचा कार्यक्रम करायला गेलो आणि देवीचा उत्सव करून आलो! तोही सरकारी खर्चानं!

मी गोपाळराव. आम्ही तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही एकदम. नोकरी एका प्रयोगशाळेत, जिथं भातावर संशोधन चालतं. मी कुणी मोठा शास्त्रज्ञ नव्हे हो. कित्येक वर्षं माझं काम एकच होतं. गोदामामागच्या खोलीत बसून भातातला ओलावा मोजायचा. त्या खोलीला खिडकी नाही. एक बल्ब, एक यंत्र आणि मी.

तिथून सुटायचं म्हणून मी एक शक्कल लढवली. संचालकांकडं गेलो आणि म्हटलं, "सर, आपण खेड्यातल्या शाळांत जाऊ. विज्ञान पोरांच्या हातात देऊ!"

संचालकांनी चष्म्यावरून बघितलं. "राव, एक शाळा देतो. जमलं तर हे काम कायमचं तुमच्याकडं. नाही जमलं तर..."

एवढं म्हणून त्यांनी नुसती गोदामाकडं मान वळवली.

शाळा मिळाली ओरत्तनाडूच्या पुढच्या एका गावातली. कालव्याच्या काठाला, नारळांच्या सावलीत. प्रयोगही सोपा. प्रत्येक पोराला दोन मडकी द्यायची, दोन्हींत सारखंच बी. एक उन्हात ठेवायचं, एक अंधारात. आठवड्यानं बघायचं. उन्हातली रोपं बुटकी, पण हिरवीगार. अंधारातली उजेड शोधत लांबलचक वाढलेली, पण पिवळी, फिकट. झालं! पोरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडणार, आणि माझ्या नशिबात खिडकी.

आता माझी अक्कल कशी एकेक पायरी खाली उतरत गेली ते बघा.

प्लॅस्टिकच्या कुंड्या मागवाव्यात, तर आमचा स्टोअरवाला तीन कोटेशनं मागतो. मी म्हटलं, कशाला ती कटकट? कुंभाराकडून मातीची मडकी उचलली. बियाणं? पूजेच्या दुकानात नवधान्याची तयार पुडी मिळते, नऊ तऱ्हेचं बी एकदम! पोरांना विविधता बघायला मिळेल. वर प्रत्येक मडक्यावर प्रयोगशाळेचं छापील लेबल चिकटवलं. मी स्वतःवर इतका खूश की काही विचारू नका.

वर्गात सगळं समजावून सांगितलं. पुढच्या बाकावर सेल्वी नावाची एक पोरगी होती. दोन वेण्या, आणि तोंडात अखंड प्रश्न.

"सार, आमचं घर एकाच खोलीचं. अंधार कुठनं आणू?"

"देवाचा कोपरा आहे ना घरात? तिथं पडद्याआड ठेव. तिथं कुणी हात लावत नाही."

"पाणी कधी घालायचं?"

"रोज सकाळी. हात स्वच्छ धुऊन. मळक्या हातांनी बुरशी येते. आंघोळ करून घातलंस तर उत्तमच!"

"उघडून बघायचं?"

"अजिबात नाही! शुक्रवारी मी येईन. तेव्हाच सगळी मडकी एकत्र बाहेर काढायची."

तुमच्यातले जे शहाणे आहेत, ते एव्हाना हसायला लागले असतील. मातीचं मडकं, नवधान्य, देवाचा कोपरा, आंघोळ, शुक्रवार. आणि महिना कुठला? आडी! इकडं आडी महिन्यात गावोगावी मारियम्मन देवीचा उत्सव असतो. बायका मडक्यांत नवधान्य पेरतात, अंधारात वाढवतात, सोवळ्यानं पाणी घालतात, आणि शेवटी डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यात सोडून देतात. त्याला म्हणतात मुळैप्पारी. तुमच्याकडं नवरात्रात घट बसवतात ना, त्याचीच ही तमिळ बहीण.

आणि माझ्या स्वतःच्या घरी आई दर वर्षी घट बसवायची! पण मला आठवलं का? छे! मी त्या आठवड्यात वैज्ञानिक झालो होतो ना.

शुक्रवार उजाडला. संचालकांचा निरोप आला की दिल्लीचे एक मोठे पाहुणे आलेत, त्यांना घेऊन दुपारी शाळेत पोचतोय, सगळी मडकी मांडून ठेवा. मी लवकरच स्कूटर काढली. पायांत एक मडकं धरलं होतं. हे आम्ही प्रयोगशाळेत अगदी काटेकोर नियमानं वाढवलेलं. बाकीच्या मडक्यांची तुलना ज्याच्याशी करायची, ते. आमच्या भाषेत कंट्रोल.

शाळेत पोचलो तर चिटपाखरू नाही. एकट्या मुख्याध्यापिका, त्याही रेशमी साडीत, केसांत मल्लिगै माळून. म्हणजे मोगरा.

"या या, राव सार! सगळे तुमचीच वाट बघतायत."

"कुठं?"

"देवळात!"

"मडकी कुठं आहेत?"

"तीही देवळातच!"

मी कंट्रोल छातीशी धरून पळत सुटलो. देवळासमोर बघतो तर काय! माझी सगळी अंधारातली मडकी गोल मांडलेली. प्रत्येकावर फुलांची माळ, माळेखालून डोकावणारं प्रयोगशाळेचं लेबल, आणि लेबलाच्या बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा. भोवती बायका टाळ्या वाजवत फेर धरून गातायत. आणि रोपं? हातभर उंच, सोनेरी पिवळी, अशी सरळसोट की प्रयोगशाळेतही येत नाहीत.

गावच्या मारियायी पाट्टी पुढं आल्या. पाट्टी म्हणजे आजी, आणि ही तर अख्ख्या गावाची आजी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी.

"अप्पा, नीट ऐक. पहिलं बी कुठल्या घरानं द्यायचं यावरनं आमच्यात भांडण झालं आणि मुळैप्पारी बंद पडली. माझ्या सुनांनी अजून बघितलीसुद्धा नाही. यंदा बी सरकारनं दिलं. आता कोण कुणाशी भांडणार? तू चांगला राहशील!"

आता तुम्हीच सांगा, अशा बाईला काय म्हणायचं? 'पाट्टी, हे प्रकाशसंश्लेषण आहे'? मी वाकून नमस्कार केला, खरंच सांगतो. आणि वाकल्यावाकल्याच रस्त्यावर संचालक दिसतायत का, ते बघून घेतलं.

मी मुख्याध्यापिकांना बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही तरी सांगायचं ना!"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! आंघोळ करून पाणी घाला, असं तुम्हीच सांगितलंत ना, सार?"

"बरं, ती उन्हातली मडकी तरी आणा."

"ती होय? ती शेळ्यांनी खाल्ली. अंगणात कोण राखत बसणार?"

अर्धा प्रयोग शेळीच्या पोटात! उरलेला अर्धा थोड्याच वेळात कालव्यात! मी ठरवलं, निदान मोजमाप तरी घेऊन टाकू. खिशातून फूटपट्टी काढली, पहिल्या मडक्याशी वाकलो आणि रोपाला लावली.

गाणं थांबलं. सगळ्या बायका बघायला लागल्या.

"हे काय, सार?"

"काही नाही, थोडं... करावं लागतं."

करावं लागतं! हे दोन शब्द मी का बोललो? करावं लागतं म्हटल्यावर मग प्रत्येकीच्या मडक्याला करायला नको? लगेच रांग लागली. एकीनं फूटपट्टीला हळद लावली, दुसरीनं कुंकू. आकडेच दिसेनासे झाले. एक बाई माझ्यावर चिडली. "तिच्या मडक्याला दोनदा लावलं, माझ्याला एकदाच!" मी मुकाट्यानं पुन्हा लावली. एका बाळाच्या डोक्यालाही लावली, कारण त्याच्या आईनं ते पुढंच केलं.

तेवढ्यात ढोल कडाडला. मडकी उचलली गेली. मी कंट्रोल घट्ट कवटाळलं. म्हटलं, सगळं जाऊ दे, हे एक वाचवीन. पण पाट्टींची नजर पडलीच.

"ते पहिलं मडकं ना? बी देणाऱ्याचं? ते पुढं पाहिजे."

"पाट्टी, हे ऑफिसचं आहे."

"म्हणूनच पुढं पाहिजे."

मी हिशेब केला. आत्ता डोक्यावर घेतो, कालव्यापर्यंत जातो आणि गर्दीत हळूच सटकतो. आहे की नाही वैज्ञानिक विचार? कुणी माझ्या चपला काढल्या, कुणी पँटवरूनच कमरेला पिवळं वस्त्र गुंडाळलं, कुणी कपाळावर विभूती फासली. आणि मी निघालो. पुढं ढोल, मग मी, मागं सगळं गाव. रस्ता असा तापलेला की मी आपोआप नाचत होतो. लोकांना वाटलं, अंगात आलंय. त्यांनी ढोल आणखी जोरात वाजवला!

आणि समोरून जीप आली.

आमची जीप. आत संचालक, शेजारी दिल्लीचे पाहुणे. जीप थांबली. मिरवणूक थांबली. ढोलही थांबला, नेमका तेव्हाच.

संचालक खाली उतरले. मला पायापासून मडक्यापर्यंत न्याहाळलं.

"राव, कंट्रोल कुठंय?"

"डोक्यावर आहे, सर."

"आणि डेटा?"

"कालव्याकडं चाललाय, सर."

पाहुणे मोबाइलवर फोटो काढत सुटले. संचालकांच्या मानेची शीर उडताना मला स्पष्ट दिसत होती. ते काही बोलणार, एवढ्यात पाट्टींनी त्यांच्याकडं बोट दाखवलं. "हे कोण? चपला घालून उभेत ते?"

"माझे साहेब, पाट्टी."

पाट्टींनी नुसतं बघितलं. संचालकांनी चपला काढल्या. मग काय, पाहुण्यांनीही बूट काढले, आणि भारताचं कृषी संशोधन अनवाणी कालव्याकडं निघालं.

सटकायला गर्दी शिल्लकच नव्हती, सगळे माझ्याकडंच बघत होते. कंट्रोल मी माझ्या हातानं पाण्यात सोडलं. लेबलासकट. वळणापर्यंत ते ताठ तरंगत गेलं, मग दिसेनासं झालं.

शेवटचा उपाय म्हणून संचालकांनी सेल्वीला जवळ बोलावलं. "बाळ, या प्रयोगातून काय शिकलीस?"

मी मनातल्या मनात मारियम्मनला नवस बोललो. हो, मीच.

सेल्वी ताठ उभी राहिली. "सार, अंधारातली रोपं उंच होतात आणि त्यांची मिरवणूक निघते. उजेडातली बुटकी राहतात आणि त्यांना शेळी खाते."

पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, स्वतः बघून काढलेला निष्कर्ष आहे, यातलं एक तरी वाक्य चुकीचं आहे का? संचालकांनी विचार केला. एकही सापडलं नाही.

रात्री घरी गेलो. कपाळावर विभूती, पायांना फोड. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "तुम्हांस कितीदां सांगट्लं, पूजेच्या दुकानांत एकटे जाऊं नका!"

तुम्ही विचाराल, मग कार्यक्रम बंद झाला का? छे हो! पाहुण्यांना इतका आवडला की आता गावोगावच्या शाळांत चालतो. अख्खं गाव येतं म्हणे. बंद फक्त मी झालो.

मी परत गोदामामागच्या खोलीत, ओलावा मोजतोय. एक बल्ब, एक यंत्र आणि मी. सेल्वीच्या निष्कर्षाप्रमाणं एव्हाना माझी उंची वाढायला हवी होती, आणि कुणीतरी मला वाजतगाजत न्यायला यायला हवं होतं. रोज दाराशी उभं राहून उंची मोजतो, त्याच हळदीच्या फूटपट्टीनं. वाढ शून्य आहे. पण परवा दार उघडं राहिलं होतं, तर एक शेळी आत डोकावून माझ्याकडं बराच वेळ बघत होती.