सुटलेल्या बाणामागे

तुमच्या हातून सुटलेला बाण कुठे जाऊन पडला, हे बघायला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?

तुमचा बाण खरा नसेलही. एखादा शब्द असेल, कागदावरची सही असेल, मोबाइलवरून पुढे ढकललेली कुणाची तरी बदनामी असेल. आपल्याकडे नेम धरण्याचं फार कौतुक आहे. लागला तर टाळ्या, चुकला तर हळहळ, आणि दोन्ही वेळा मंडळी घरी. मी जिच्याविषयी लिहिते आहे ती बाई घरी जात नसे. चांदूर बाजारच्या मैदानावर सराव संपला आणि एकही बाण गवतात राहिला असेल, तर रेखा इंगळे मॅडम आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करायच्या. हात पसरायचे, बोटाला बोट लागेल इतक्या अंतरावर, आणि मान खाली घालून पाऊल-पाऊल पुढे सरकायचं. बाण कुणाचाही असो, शोधायला सगळे. कुणी घड्याळाकडे पाहिलं की मॅडम म्हणायच्या, "बाण दिसला नाई, म्हंजे सराव संपला नाई. काहून घाई करून रायला?"

मॅडम आमच्या कॉलेजात खेळ शिकवायच्या. मूळ गाव बाळापूरजवळचं, कपाशी-तुरीचं घर. ठेंगणी मूर्ती, रुंद खांदे, ओढणीची कमरेला गाठ, आणि पायात कॅनव्हासचे बूट, ज्यांचा पांढरा रंग काळ्या मातीने केव्हाच खाऊन टाकला होता. संस्थेची पडीक जमीन त्यांनी मागून घेतली, पोरांना हाताशी धरून मागच्या बाजूला मातीचा उंच ढीग रचला आणि बांबूच्या धनुष्यांवर धनुर्विद्या सुरू केली. कौतुक त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. बाण बरोबर मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला, तर म्हणायच्या, "बरं. आता उपटून आण."

माझी त्यांची पहिली भेट भांडणाची. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा मोर्चांची पत्रकं छापून आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. अकरावीत असताना मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या प्रश्नावर मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं आणि कॉलेजच्या फाटकाशी वाटायला उभी राहिले. वारा सुटला, निम्मा गठ्ठा मैदानभर उडाला. मी उरलेली वाटत राहिले. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "हे तुयेच कागद हायेत ना?"

मी ताठ होऊन सांगितलं की हे कागद नाहीत, हा आवाज आहे.

"असन आवाज. पन तो तिकडे गाईच्या पोटात जाऊन रायला. उचल."

मी उचलायला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर दुसऱ्या टोकाकडून मॅडमही वाकून वेचत येत होत्या. मध्यावर भेटलो तेव्हा त्यांनी एक पत्रक उलगडून वाचलं आणि मुद्दा खरा आहे, पण वाक्यं फार लांब आहेत, असा अभिप्राय दिला. दुसऱ्या दिवशी त्या पत्रक घेऊन प्राचार्यांकडे गेल्या आणि मी धनुष्य हातात घेतलं.

आता त्या रविवारची गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

थंडीचे दिवस होते. हरभरा घाट्यावर आला होता. आमच्या मातीच्या ढिगाऱ्यापलीकडे शेतं सुरू होत, आणि सकाळी तिथे काळविटांचा कळप उतरायचा. आमच्यात सागर सगळ्यांत चांगला नेमबाज. राज्य स्पर्धेसाठी त्याचं नाव जाणार हे ठरल्यासारखं होतं. त्याचे वडील गावातले मोठे वकील आणि ज्या संस्थेची ती जमीन, तिचे अध्यक्ष. मॅडम खोलीतून दोऱ्या आणायला गेल्या होत्या. कळप ढिगाऱ्याच्या कडेने बराच जवळ आला. एवढ्या लांब बाण पोचायचा नाही, असं कुणीतरी चिडवलं आणि सागरने सोडला. फक्त घाबरवायचं होतं, डोक्यावरून मारला होता, असं तो पुढे सांगत राहिला. बाणाला ते माहीत नव्हतं. एक मादी जागच्या जागी उसळली. कळप उधळला आणि ती त्याच्यामागे तीन पायांवर धुरा ओलांडून गेली.

मॅडम आल्या तेव्हा आम्ही सहाजण पुतळ्यासारखे उभे होतो. त्या ओरडल्या नाहीत.

"कोनाचा?"

"माझा," सागर म्हणाला.

"कुठी गेला?"

त्याने बोट दाखवलं.

"मंग चाल."

धुऱ्यापाशी, शेताच्या त्या उंच बांधाशी, बाणाचा मागचा अर्धा तुकडा पडला होता. पिसं, आणि सागरच्या खुणेचा लाल दोरा. त्याने तो उचलला आणि त्याच्या तोंडून सुटकेचा सुस्कारा निघाला, "सापडला, मॅडम." मॅडमनी तुकडा हातात घेऊन मोडलेलं टोक पाहिलं. "अर्धा सापडला म्हंजे सापडला नाई. बाकीचा तिच्यात हाय."

माझं डोकं तापलं होतं. वकिलांची पोरं, संस्थेच्या जमिनी, त्यांना कोण विचारणार, असं मी बरंच बोलले असणार. मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "पत्रक मंग लिहजो. आधी हरीण शोध."

चालता चालता त्यांनी वनखात्याला फोन लावला. स्वतःचं नाव, मैदानाचा पत्ता आणि काय झालं ते सांगितलं. गाडी दुसरीकडे गेली होती, यायला वेळ लागणार होता. सागरचा चेहरा उतरला. काळवीट कायद्याने संरक्षित आहे, त्याला बाण मारणं म्हणजे काय, हे वकिलाच्या घरातल्या पोराला कळत होतं. त्याने वडिलांना कळवलं आणि थोड्याच वेळात वकीलसाहेब शेतांमधल्या पांदणीत गाडी उभी करून चिखल चुकवत आले.

ते रागावले नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. ते समजुतीने बोलले. जनावर शेतात गेलं, आता ते जगतं का मरतं कुणी सांगावं. कुणी पाहिलेलं नाही. उद्या संस्थेचं नाव पेपरात येईल, खेळ बंद पडेल, इतक्या मुलांचं नुकसान होईल. शेवटी म्हणाले, "मॅडम, मैदान हवं आहे ना तुम्हाला?"

"हवं हाय ना साहेब. म्हनून तं जाऊन रायली मी."

एवढंच. मग त्या हरभऱ्यात शिरल्या, आणि आम्ही त्यांच्यामागे. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या, एक जखमी हरिणी आणि आयुष्यभर मागून-मागून मिळवलेलं मैदान, आणि त्यांतलं एकच वाचणार हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळलं होतं.

माग काढणं मॅडमना येत होतं असं समजू नका. ते त्यांनीच सांगून टाकलं, "मले बी येत नाई हे. पन ओळ करता येते." हरभऱ्याच्या पानावर रक्ताचा थेंब दिसला की तिथे काडी रोवायची, तिला रुमाल बांधायचा, आणि पुढचा थेंब मिळेपर्यंत तो रुमाल हलवायचा नाही. धावायचं नाही, बोलायचं नाही. "पळवू नका तिले. पळाली की मेली." ओलीत केलेल्या मातीत खुरं स्पष्ट उमटली होती, त्यांतला मागचा एक पाय ओढलेला. कपाशीत मात्र आम्ही दोनदा फसलो. एकदा तर बकऱ्यांच्या मागावर बरंच चाललो आणि थेट बकऱ्यांपर्यंत पोचलो. कुणाला तरी हसू आलं. मॅडमही हसल्या, आणि सगळ्यांना परत रुमालापर्यंत नेलं.

नाल्याच्या दगडांत माग पुरता हरवला. ऊन डोक्यावर आलं होतं. तिथे एक शेतकरी काठी घेऊन पीक राखत बसलेला, त्याला सगळे नामदेवभाऊ म्हणायचे. आम्ही काय शोधतो आहोत हे कळल्यावर त्याने डोक्यालाच हात लावला.

"ताई, हे हरनं माया हरभरा खाऊन रायले, अन् तुमी त्यायले शोधून रायल्या?"

माझ्याकडे शेतकऱ्यांच्या बाजूचं आणि वन्यजीवांच्या बाजूचं, अशी दोन भाषणं तयार होती, आणि कुठलं करावं ते मला सुचेना. मॅडमना भाषण लागलं नाही.

"दादा, खाल्लं त्याचं भांडन वेगळं. तुमी करा, मी बी येतो तुमच्यासंगं. पन हा बाण माया मैदानातून सुटला."

नामदेवभाऊ उठला. मग काठीने नाल्यापलीकडची तूर दाखवली. एक जनावर लंगडत तिकडे जाताना त्याने पाहिलं होतं.

तूर पुरुषभर उंच होती. मॅडमनी कडेला ओळ लावली, हात पसरले, बोटाला बोट. गवतातला बाण शोधतो तसंच, फक्त या वेळी बाण श्वास घेत होता. नामदेवभाऊही काठी टेकवून ओळीच्या टोकाला येऊन उभा राहिला. ओळ सरकू लागली. तुरीच्या मधल्या सरीत पोचलो तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीने माझं बोट दाबलं. समोर, झाडांच्या बुडाशी, एक कान हलला.

ती बसलेली होती. मांडीत बाणाचं टोक, भोवती वाळलेलं रक्त, आणि आमच्याकडे लागलेले ते डोळे. सागर पुढे झाला. त्याला तो बाण काढायचा होता. मॅडमनी त्याचा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "उपटाचा नाई. हे निशान नाई."

आम्ही मागे सरून लांबून गोल बसलो. वास लागून कुत्री आली, ती नामदेवभाऊने हाकलली. मॅडमनी पुन्हा फोन केला. गाडी निघाली होती. कुणीतरी सुचवलं की आता जागा कळवली आहे, तर जेवून यावं. मॅडमनी ऐकलंच नाही. सागरही उठला नाही. दुपारभर त्याने त्या हरिणीकडे बघितलं. तेवढं बघावं लागणं ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही, पण मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

सूर्य कलला तेव्हा वनखात्याची माणसं आणि जनावरांचे डॉक्टर आले. त्यांच्यामागोमाग वकीलसाहेबही आले. हरिणीला इंजेक्शन दिलं, डोळ्यांवर कापड टाकलं, जाळीत घेऊन गाडीत चढवलं. मग अधिकाऱ्याने विचारलं, बाण कुणी मारला. वकीलसाहेब लगेच म्हणाले की मैदानावर बरीच मुलं असतात, कुणाचा होता हे सांगता येणं अवघड आहे.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या बोलतील असं मला वाटलं. त्या सागरचं नाव घेतील, नाहीतर सगळा दोष स्वतःवर घेतील. पत्रकांत मोठी माणसं असंच करतात. त्यांनी दोन्ही केलं नाही. हातातला अर्धा बाण त्यांनी सागरपुढे धरला.

सागरने तो घेतला. वडिलांकडे न बघता अधिकाऱ्याच्या हातात दिला. "माझा आहे," तो म्हणाला, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं.

मी तोवर पुष्कळ घोषणा दिल्या होत्या. तेवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुढे जे व्हायचं ते झालं. सागरवर गुन्हा नोंदला गेला, राज्य स्पर्धेतून त्याचं नाव गेलं. आठवडाभरात संस्थेने मैदान काढून घेतलं. मी त्यावर पत्रक लिहिलं, छोट्या वाक्यांचं. मॅडमनी त्यातली दोन विशेषणं खोडली. आणि ज्याच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती तो नामदेवभाऊ कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हरभरा निघाला की पेरणीपर्यंत शेत रिकामंच असतं, म्हणाला, या तिथे. मॅडम आभार मानायला लागल्या तर त्याने थांबवलं. "उपकार नाई ताई. तुमचे पोट्टे इतकी कचकच करतात का हरनं बाजूच्या पिकाकडे फिरकनार नाईत. मले परवडते."

आजही सराव त्याच शेतात होतो. मागचा ढिगारा नवा रचला आहे, आणि सुरुवातीला येणाऱ्या पोरांना ओळ कशी लावायची ते सागर शिकवतो. त्याचं प्रकरण अजून तारखांवर आहे. तो प्रत्येक तारखेला जातो.

हरिणी जगली. डॉक्टरांनी बाण काढला, जखम भरल्यावर तिला कळपाजवळ सोडलं. वनखात्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. मादी लंगडते पण पळते, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "बरं. अन् बाण?" तो पुरावा म्हणून जमा आहे, प्रकरण संपल्याशिवाय मिळणार नाही, असं उत्तर आलं.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोप त्या शेतातच झाला. हार नको म्हणाल्या, सराव घ्या म्हणाल्या. शेवटी सगळे बाण गोळा झाले, आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि मॅडमनी मान हलवली. "थांबा. एक बाण येनं बाकी हाय." कुणी हसलं नाही. संध्याकाळच्या एसटीने त्या बाळापूरकडे गेल्या. तिथे भावाच्या शेतात ढिगारा रचायला घेतल्याचं परवाच कळलं.

म्हणून वाचकहो, एक मागणं. शेतात, रस्त्याच्या कडेला, कुठेही जखमी जनावर दिसलं तर त्याचा फोटो काढून पुढे जाऊ नका. वनखात्याला कळवा, आणि गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. भूक लागेल, लोक हसतील, कुणी समजुतीने बोलायला येईल, बसून राहा. आणि ती जखम तुमच्याच हातची असेल, तर विचारणारा विचारील तेव्हा आपलं पूर्ण नाव सांगा.